वापरलेली गिटार : आधी नेक, मग रंग

वापरलेली गिटार, बेस आणि इफेक्ट पेडल्स (आवाज बदलणारी, पायाने दाबायची यंत्रं) घेण्याविषयी या वेळी बरीच पत्रं आली. त्यांतली सात इथे घेतली आहेत. बहुतेकांनी रंग, ओरखडे आणि ब्रँड यांची चौकशी केली आहे. नेकबद्दल (तारांखालच्या लांब दांडीबद्दल) मात्र जवळपास कुणीच विचारलेलं नाही, आणि पैसे बुडतात ते तिथेच. म्हणून पहिलं उत्तर लांबलं आहे. बेसवाल्यांनी आणि अकूस्टिकवाल्यांनीही ते वाचावं.

प्रश्न : मुलाला इलेक्ट्रिक गिटार शिकायची आहे. बजेट आठ-नऊ हजार. कॉलेज रोडला एक वापरलेली यामाहा पॅसिफिका ०१२ बघायला जायचं आहे. आम्हा दोघांनाही त्यातलं फारसं कळत नाही. काय बघून घ्यायची? — एक पालक, इंदिरानगर

उत्तर : जाताना अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, एक व्हिजिटिंग कार्ड, छोटा स्क्रूड्रायव्हर, तुमची स्वतःची चालू केबल आणि मोबाइलमध्ये ट्यूनरचं अ‍ॅप एवढं सोबत ठेवा. मल्टीमीटर असेल तर फारच छान. विक्रेत्याकडे अ‍ॅम्प आहे का हे आधी फोनवर विचारून घ्या. नसेल तर कुणाचा तरी छोटा अ‍ॅम्प मागून न्या. इलेक्ट्रिक गिटार न वाजवता घ्यायची नाही.

गेल्या गेल्या तारा सुरात लावून मागा. तारा ढिल्या असल्या की नेकवर ताण नसतो, आणि मग वाकलेला नेकही सरळ दिसतो. सूर लागला की गिटार डोळ्यासमोर आडवी धरा आणि हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) ब्रिजकडे (बॉडीवर तारा अडकतात तिकडे), नेम धरावा तसा एक डोळा मिटून बघा. आधी जाड तारेच्या बाजूची कड, मग बारीक तारेच्या बाजूची. दोन्ही कडांना मध्ये अगदी हलका, सारखा खोलगटपणा असेल तर नेक ठीक आहे. एक कड खोल आणि दुसरी सपाट असेल तर नेकला पीळ बसला आहे. पीळ ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या, वाक जुळवायच्या सळईने) निघत नाही. तिथेच आभार मानून निघा.

मग मोजून बघा. सगळ्यात जाड तार, म्हणजे जाड ई, पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि नेक बॉडीला मिळतो तिथे, म्हणजे साधारण सतराव्या फ्रेटवर, एकाच वेळी दाबून धरा. आता ती तार तुमची सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड तार न उचलता जेमतेम सरकलं पाहिजे. म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास. अंतर एक मिलिमीटर भरलं तर ट्रस रॉड घट्ट करावा लागेल. अंतरच नसेल, तार सगळ्या फ्रेटना टेकत असेल, तर सैल करावा लागेल. या दोन्ही गोष्टी किरकोळ आहेत, पण रॉड फिरत असेल तरच. म्हणून विक्रेत्याला त्याच्याच हाताने अ‍ॅलन कीने (षटकोनी चावीने) पाव फेरा फिरवायला सांगा. चावीला दाब जाणवला पाहिजे आणि पुन्हा मोजल्यावर अंतर बदललेलं दिसलं पाहिजे. चावी नुसतीच गरगर फिरते, किंवा खोबणीच्या कडा झिजून चावी घसरते, किंवा रॉड शेवटपर्यंत आवळूनही नेक वाकलेलाच आहे, अशी गिटार निम्म्या किमतीतही घेऊ नका.

यानंतर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची बघा. फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत जाड ई ला २ मिलिमीटर आणि बारीक ई ला दीड मिलिमीटर असेल तर हाताला सोपी जाते. जास्त असेल तर ब्रिजवरचे सॅडल (तार ज्यांवर टेकते ते तुकडे) खाली घेता येतात, फक्त त्यांच्या बारीक स्क्रूंना अजून खाली जायला जागा उरली आहे ना ते पाहा.

आता प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. सहा तारा, बावीस फ्रेट, एकूण १३२ सूर. पाच-सात मिनिटं लागतात. लाजून हे टाळू नका, विक्रेता थांबेल. एकाच जागी खरखर आली तर पुढचा फ्रेट वर आला आहे. फक्त पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर असेल तर नेकला पुरेसा खोलगटपणा नाही, म्हणजे रॉडचं काम. बाराव्याच्या पुढे बारीक तार ओढून सूर चढवताना आवाज मध्येच मेला तर फ्रेट असमान आहेत.

फ्रेटची झीज पहिल्या तीन फ्रेटवर, बारीक तारांच्या खाली दिसते, कारण सुरुवातीचे कॉर्ड तिथेच धरले जातात. टॉर्च तिरका धरा आणि नख आडवं फिरवा. नख नुसतं जाणवून पुढे गेलं तर घासून सारखं करता येतं. नख खड्ड्यात अडकलं आणि फ्रेटची एकूण उंचीही ०.७ मिलिमीटरच्या खाली आली असेल तर फ्रेट बदलावे लागतील. या बजेटमध्ये ते काम गिटारीच्या किमतीला भिडतं.

वायरिंगला लोक उगाच घाबरतात. नॉब फिरवताना खरखर येते ती बहुतेक धूळ असते, काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून नॉब वीस-तीस वेळा फिरवला की जाते. केबल लावायचा जॅक हलवल्यावर आवाज तुटत असेल तर त्याचा नट सैल असेल किंवा सोल्डरचा टाका सुटला असेल. अ‍ॅम्प चालू ठेवून प्रत्येक पिकअपवर (तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या चुंबकी पट्टीवर) स्क्रूड्रायव्हरने हळूच टकटक करा आणि पाच-टप्पी स्विच एकेक घर सरकवा. त्या घरावर जो पिकअप, किंवा जे दोन पिकअप, चालू असतील त्यांचाच आवाज ठळक आला पाहिजे. या मॉडेलमध्ये ब्रिजपाशी हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) आणि पुढे दोन सिंगल कॉइल (एकेका कॉइलचे पिकअप) असतात. सिंगल कॉइलवर थोडी गुणगुण असतेच. तारांना हात लावल्यावर ती कमी झाली तर अर्थिंग बरोबर आहे, वाढली तर वायर सुटली आहे.

मल्टीमीटर नेला असेल तर केबल गिटारीत लावा, आवाज पूर्ण ठेवा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या टिपेवर आणि बाहेरच्या नळीवर प्रोब टेकवा. सिंगल कॉइल साधारण ५ ते ७ किलोओहम दाखवेल, हंबकर ७ ते १६. एखाद्या घरावर एकदम २५० किंवा ५०० किलोओहम आले तर तुम्ही फक्त व्हॉल्यूमच्या नॉबखालचा पॉट मोजताय. तो पिकअप तुटलेला आहे, तेवढे पैसे कमी करा.

किंमत ठरवताना तीच गिटार आज दुकानात नवी केवढ्याला मिळते तिथून सुरुवात करा. विक्रेत्याने कधीकाळी दिलेले पैसे धरू नका. चांगल्या स्थितीतल्या गिटारीला नव्याच्या ५० ते ६० टक्के योग्य वाटतात. समजा नवी १६,००० ला असेल तर ८,००० ते ९,६००, आणि त्यातून नव्या तारा व सेटअपचा (नेक आणि तारांची उंची जुळवून घेण्याचा) खर्च वजा. वरून लावलेले स्टिकर, बदललेले नॉब यांचे पैसे द्यायचे नाहीत. उलट बॉडीवरचे ओरखडे, नेकच्या सांध्याजवळच्या रंगातल्या केसासारख्या भेगा हे तुमच्या फायद्याचं आहे. आवाजाला त्याने काही होत नाही, भाव मात्र उतरतो.

एक राहिलं. तारा दोन्ही टोकांना लॉक करणारा, झुलता फ्लॉइड रोज ब्रिज असलेली जुनी गिटार पहिलीच म्हणून घेऊ नका. त्याच्या ज्या धारेवर ब्रिज झुलतो ती झिजली की गिटार सुरात राहत नाही, आणि नुसती तार बदलायची म्हटली तरी नवशिक्याचा अर्धा तास जातो.

प्रश्न : दोन हजारांत स्टीलच्या तारांची अकूस्टिक मिळते आहे. तारा खूप वर आहेत. विक्रेता म्हणतो, ट्रस रॉड फिरवला की खाली येतील. खरं का? — एक वाचक, पंचवटी

उत्तर : नेक वाकलेला असेल तर थोड्या येतील. पण अकूस्टिकमध्ये तारा वर जाण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. तारांच्या ओढीने वरची फळी ब्रिजमागे फुगते किंवा नेकचा कोनच पुढे येतो. तिथे ट्रस रॉडचा उपयोग नाही.

बाराव्या फ्रेटवर जाड ई ला अडीच आणि बारीक ई ला दोन मिलिमीटर हे ठीक माप. तुमच्या गिटारीत चार मिलिमीटर निघाले असं धरू. दीड मिलिमीटर खाली आणायला सॅडल त्याच्या दुप्पट, म्हणजे तीन मिलिमीटर घासावा लागतो, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. आता ब्रिजच्या लाकडावर सॅडल किती वर दिसतो ते मोजा. घासून झाल्यावर किमान दीड-दोन मिलिमीटर उरायला हवा, नाहीतर तार सॅडलवर नीट दाबून बसत नाही आणि आवाज पातळ होतो. पाच मिलिमीटर दिसत असेल तर जमेल. दोनच असेल तर विषय संपला.

आणखी एक खूण आहे. लांब सरळ पट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजपर्यंत न्या. तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला टेकलं पाहिजे. माथ्याच्या खाली, ब्रिजच्या अंगावर आदळलं तर नेक सोडवून पुन्हा बसवावा लागेल. दोन हजारांच्या गिटारीला ते काम कुणी करू नये. शेवटी साधा कागद ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. आत शिरला तर सरस सुटायला लागला आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवली की हे होतं. आणि मुळात नायलॉनच्या तारांसाठी असलेल्या गिटारीवर कुणी स्टीलच्या तारा चढवल्या असतील तरी हेच होतं. हेडस्टॉकला दोन लांब खाचा आणि तारा ब्रिजला गाठ मारून बांधायची सोय दिसली तर ती नायलॉनचीच गिटार समजा.

प्रश्न : मुंबईहून घेतलेली गिटार इथे नाशिकला आणल्यावर आठवड्यात फ्रेटची टोकं बोटाला खुपू लागली. फसवणूक झाली का? — एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर : नाही. समुद्रकाठच्या दमट हवेतून गिटार कसारा घाट चढून कोरड्या हवेत आली. फिंगरबोर्डचं लाकूड आकसलं, धातूचा फ्रेट आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर आली. पावसाळ्यात ती पुन्हा आत जातील. फार खुपत असतील तर टोकं कानशीने गोल करून घेता येतात, कडेला मास्किंग टेप लावून. बाहेरगावची गिटार घरी आली की दोन-तीन दिवस बॅगेतच ठेवावी आणि नंतरच ट्रस रॉडला हात लावावा. मुंबईच्या वाद्यात खरं बघायचं ते गंज. सॅडलचे दीड मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने फिरणारे स्क्रू खाऱ्या हवेने जाम होतात. खरेदीआधी त्यातला एक तरी फिरवून पाहा.

प्रश्न : चर्चच्या गायनवृंदासाठी जुना बेस घ्यायचा आहे. एक अ‍ॅक्टिव्ह आहे, एक पॅसिव्ह. कुठला बरा? — एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : नेक ज्याचा चांगला तो. दोन्ही सारखे असतील तर पहिला बेस म्हणून पॅसिव्ह घ्या, बिघडायला कमी गोष्टी असतात. अ‍ॅक्टिव्हमध्ये ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प (आवाज वाढवणारं छोटं सर्किट) असतो. बॅटरीचा कप्पा उघडून बघा. टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर बॅटरी गळून गेली आहे आणि ते पाणी सर्किटपर्यंत पोहोचलं असू शकतं. सोबत नवी बॅटरी न्या. जोरात वाजवल्यावर आवाज फाटत असेल आणि बॅटरी बदलल्यावर साफ आला तर दोष बॅटरीचाच. केबल लावून ठेवली की न वाजवताही बॅटरी उतरते, हे वृंदातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

बेसची तार ३४ इंचांची असते आणि ओढही जबर, त्यामुळे नेक गिटारीपेक्षा जास्त वाकतो. वर सांगितलेलं नेकच्या खोलगटपणाचं माप इथे पाव ऐवजी ०.३ ते ०.४ मिलिमीटर धरा, बाराव्या फ्रेटवर उंची अडीच मिलिमीटर. ‘जी’ सुराच्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विरत असेल तर घाबरू नका, लांब मानेच्या बेसमध्ये ते नेहमीचं आहे. दोन सिंगल कॉइलवाला बेस असेल तर दोन्ही नॉब पूर्ण उघडल्यावर गुणगुण थांबते आणि एकच उघडला की येते, हाही दोष नाही. पट्टा लावून उभं राहा आणि हात सोडा. हेडस्टॉक जमिनीकडे झुकत असेल तर दोन तासांच्या कार्यक्रमात डावा खांदा भरून येईल.

तारा जुन्या असतील तर भावातून नव्या संचाचे पैसे वजा करायला विसरू नका. बेसचा संच गिटारीच्या संचापेक्षा पुष्कळ महाग असतो. आणि गिटारीच्या छोट्या अ‍ॅम्पवर बेस मोठ्याने वाजवू नका, स्पीकर फाटतो.

प्रश्न : बॉसचं जुनं डीएस-१ पेडल घेतलं. बॅटरीवर उत्तम चालतं. नव्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर दिवा मंद लागतो आणि आवाजात जीव नाही. पेडल खराब आहे का? — एक वाचक, सातपूर

उत्तर : पेडल उलटं करून लेबल वाचा. अडॅप्टरच्या जागी ‘एसीए’ (ACA, बॉसचा जुना अडॅप्टर) छापलं असेल तर पेडल ठणठणीत आहे. त्या काळचे अडॅप्टर रेग्युलेटेड, म्हणजे भार बदलला तरी व्होल्टेज सारखंच ठेवणारे, नव्हते. नावाला ९ व्होल्ट, पण एका पेडलच्या हलक्या भारावर १२ च्या आसपास द्यायचे. म्हणून पेडलमध्येच व्होल्टेज खाली आणायची सोय केलेली असते. आजचा रेग्युलेटेड अडॅप्टर नेमके ९ देतो, त्यातलेही आत कापले जातात आणि सर्किट उपाशी राहतं. उपाय दोन. १२ व्होल्टचा रेग्युलेटेड अडॅप्टर लावा, पण तो फक्त ‘एसीए’ लिहिलेल्या पेडलला. किंवा एकाच अडॅप्टरच्या साखळीत ‘पीएसए’ (PSA, नंतरचा रेग्युलेटेड अडॅप्टर) लिहिलेलं दुसरं पेडल जोडा आणि दोन्ही केबलने एकमेकांना लावा. मग केबलच्या बाहेरच्या जाळीतून जमिनीचा सरळ मार्ग मिळतो आणि दिवा पूर्ण उजळतो.

पेडल घेताना बाकीच्यांनीही अडॅप्टरकडे बघावं, कारण सर्वांत जास्त पेडल्स तिथेच मरतात. बहुतेकांना ९ व्होल्ट डीसी आणि पिनचा मध्यभाग ऋण लागतो. घरातल्या इतर उपकरणांचे अडॅप्टर सहसा मध्यभाग धन असतात, पिन मात्र सारखीच बसते. असा उलटा अडॅप्टर लावला की आत संरक्षणासाठी बसवलेला डायोड जळून शॉर्ट होतो. नंतर पेडल अडॅप्टरवरही चालत नाही आणि बॅटरीवरही नाही, बॅटरी फक्त गरम होते. तो डायोड बहुधा १एन४००१ किंवा त्याचा भाऊबंद असतो. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात काही रुपयांना मिळतो आणि टाके मारता येणाऱ्या माणसाचं दहा मिनिटांचं काम असतं. त्यामुळे ‘मेलेलं’ म्हणून पडून असलेलं साधं अ‍ॅनालॉग पेडल स्वस्तात मिळत असेल आणि हात बसलेला असेल तर घ्यायला हरकत नाही. डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब मेलेलं असेल तर नको.

अँपिअरची भीती नको. पेडलला २० मिलिअँपिअर लागत असतील आणि अडॅप्टर ५०० चा असेल तरी चालतं, पेडल हवं तेवढंच घेतं. व्होल्ट आणि ध्रुव मात्र जुळलेच पाहिजेत.

प्रश्न : तीन-चार सुटी पेडल्स घ्यावीत की एक जुनं मल्टी-इफेक्ट? — एक वाचक, सिडको

उत्तर : घरात हेडफोनवर वाजवणार असाल तर मल्टी-इफेक्ट. कुठला इफेक्ट आपल्याला खरंच लागतो हे सहा महिन्यांत कळतं, मग तेवढंच सुटं पेडल घ्या. बघताना प्रत्येक पायबटण वीस वेळा दाबा. एका दाबाला दोन पावलं पुढे जात असेल तर बटण झिजलं आहे. एक्स्प्रेशन पेडल हळूहळू खालपासून वरपर्यंत न्या, पडद्यावरचा आकडा उड्या मारता कामा नये. मूळ अडॅप्टर नसेल तर मागचं चिन्ह बघा. आकड्यापुढे नागमोडी रेघ म्हणजे एसी, सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ म्हणजे डीसी. डिजिटेक आणि लाइन ६ च्या बऱ्याच जुन्या मशिनांना ९ व्होल्ट एसी लागतो. तो अडॅप्टर सहज मिळत नाही, आणि तोच चुकून साध्या पेडलला लावला तर पेडल जातं. झूमचं जी१ फोर मात्र चार एए सेलवरही चालतं, म्हणजे बघायला जाताना सेल खिशात टाकले की झालं.

प्रश्न : जाहिरातीतला विक्रेता म्हणतो, ‘लष्करात आहे, बदली झाली, गिटार कॅम्पातून पार्सल करतो, आधी थोडे पैसे टाका.’ विश्वास ठेवावा का? — एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : ठेवू नका. तुमच्याकडे खरोखरच बदलीवर जाणारी कुटुंबं सामान विकतात, म्हणून ही थाप तुमच्या भागात खरी वाटते. लष्करी गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवून आगाऊ पैसे घ्यायचे, किंवा क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करा, पैसे परत येतील’ म्हणायचं, हा जुन्या वस्तूंच्या जाहिरातींतला ठरलेला डाव आहे. पैसे मिळवण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. विक्रेता देवळालीतच असेल तर दिवसाउजेडी समोर भेटेल, गिटार वाजवू देईल आणि पैसे तेव्हाच घेईल. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा क्रमांक आणि समोरच्याचा यूपीआय आयडी फोन करताना हाताशी ठेवा.